उभ्या रेषेला 'लंब' म्हणू नका

दारव्ह्याकडच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे: आलेख काढताना मुलं उभ्या अक्षाला 'लंब अक्ष' म्हणतात, हे चालेल का?

नाही चालणार. हे चुकीचं ऐकून ऐकून कान किटले! लंब हे एकट्या रेषेचं नाव नव्हे, ते दोन रेषांमधलं नातं आहे. उभा अक्ष आडव्याला लंब, तसाच आडवा उभ्याला. वही तिरपी धरा, काटकोन तोच राहतो.

पण मुलांची चूक येते कुठून, ते पाहण्यासारखं आहे. संस्कृतात 'लम्ब्' म्हणजे लटकणे. विलंब, अवलंबून ही त्याच घरची मंडळी. आणि आपल्या गवंड्याचा ओळंबा! 'ओळ' आणि 'लांब' मिळून ओळंबा झाला, असं छातीठोक सांगणारे जाणकार मला भेटलेत. साफ चूक. तो 'अवलंब' आहे. 'अव'चा 'ओ' कसा होतो ते बुलढाण्याच्या लोणारला विचारा, तिथे लवणाचं लोण झालंय. आणि फलचं फळ होतं तसा 'ल'चा 'ळ'.

गवंडी भिंतीच्या माथ्याला लाकडी गट्टू टेकवतो, दोरी सोडतो आणि खाली लोंबणारा लट्टू डोलायचा थांबेपर्यंत वाट पाहतो. लट्टू भिंतीला नुसता शिवला की भिंत सरळ. अंतर राहिलं किंवा दाबून बसला की बांधकाम कललं. आर्यभटाने इ.स. ४९९मध्ये हेच सांगितलंय: जमिनीची पातळी पाण्याने बघावी, खाली-वर 'लम्बकेनैव', म्हणजे ओळंब्यानेच. थांबलेलं पाणी आणि थांबलेली दोरी यांच्यात काटकोनच असतो. माझ्या मते गणितातला लंब इथूनच आला. पाठ्यपुस्तकांनी धड्याची सुरुवात गुण्याने न करता ओळंब्याने करायला हवी होती, हे मी कितीदा सांगितलं असेल!

पुढे शब्दाने दोरी सोडली. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त लंब त्रिकोणात शिरलाय, तिथे काहीच लटकत नाही.

मुलांना पटत नसेल तर चौफुलीवर लावलेल्या पऱ्हाटीत, म्हणजे कपाशीच्या शेतात न्या. उभी तासं म्हणजे ओळी, आडवी तासं, जिथे फुली पडली तिथे झाड. म्हणूनच तण काढायचा डवरा दोन्हीकडून चालतो. धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून तिसरं तास, त्यातलं पाचवं झाड म्हटलं की पोरगं नेमकं तिथे जाऊन उभं राहतं. सगळी तासं जमिनीवर आडवीच पसरलेली, तरी एकमेकांना लंब.