संग्रहालयात स्वयंसेवक म्हणून सुरुवात करताना

तुम्ही येताय याचा मनापासून आनंद आहे. सुरुवातीला सगळा इतिहास पाठ करायला बसू नका. कोल्हापूरच्या टाऊन हॉल संग्रहालयात ब्रह्मपुरीच्या, म्हणजे शहरातल्याच पंचगंगेकाठच्या टेकाडाच्या, १९४५-४६ च्या उत्खननातल्या वस्तू आहेत. त्यातल्या पाच निवडा आणि प्रत्येकीबद्दल दोन मिनिटं बोलता येईल एवढी तयारी करा. ब्रह्मपुरीला सापडलेल्या पोसायडनच्या (ग्रीकांचा समुद्रदेव) कांस्यमूर्तीपासून सुरुवात केलीत तर उत्तम. रोमन बनावटीची मूर्ती पंचगंगेकाठी कशी आली, हे मुलं स्वतःहून विचारतात. उत्तर माहीत नसेल तर प्रश्न लिहून घ्या, ठोकून देऊ नका.

वस्तू हाताळायची वेळ आली, तर:

- आधी ठेवायची जागा मोकळी करा, मग उचला. दोन्ही हातांनी, तळाला आधार देऊन. कान किंवा मूठ धरून कधीच नाही, जुने जोड तिथेच निखळतात.
- धातूला नायट्राइलचे (कृत्रिम रबराचे) हातमोजे. घामातल्या क्षारांनी तलवारीच्या पात्यावर बोटांचे गंजके ठसे उमटतात. खापरांना मात्र स्वच्छ, कोरडे हात. सुती मोज्यातून ती निसटतात.
- नोंदी पेन्सिलनेच. वस्तूवरचा नोंदणी क्रमांक पुसला, तर तिची ओळखच जाते.

नवख्यांची सगळ्यात महाग चूक म्हणजे चिंच किंवा पितांबरी लावून पितळ चकचकीत करणं. पृष्ठभाग झिजतो, बारीक अक्षरं जातात, ती परत येत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळी दमटपणात कांस्यावर फिकट हिरवी भुकटी दिसली, तर पुसू नका. त्याच दिवशी अभिरक्षकांना (क्युरेटरना) दाखवा.

रसायनं, डागडुजी नंतर शिकता येईल.