बागेतले प्रश्न : ‘अगेव्ह कुजला, आता काय लावू?’

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगजवळ राहतो, घर घेऊन तीन वर्षं झाली. मागे छोटं गार्डन आहे, दक्षिणेला तोंड, ऊन छान येतं. माझं माहेर जत तालुक्यातलं, बांधावरचं घायपात बघत मोठी झालेय, त्यामुळे तसंच काहीतरी रांगडं, जाड पानांचं हवं होतं. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात एक अगेव्ह (घायपाताच्याच जातीचा) आणून लावला, उन्हाळाभर मस्त होता, डिसेंबरात फ्लीस (झाडाला थंडीत पांघरायचं पातळ कापड) पण गुंडाळलं, तरी फेब्रुवारीत मधला कोंब हातातच आला, आतून सगळा पचपचीत. माती चिकण आहे, पाऊस पडला की बूट रुततो. आता एकच झाड लावायचंय, बाराही महिने बाहेर राहील असं. मुलगा चार वर्षांचा आहे म्हणून सासूबाई म्हणतात काटेरी नकोच. काय लावू? आणि घरात कोरफडीची कुंडी आहे ती बाहेर ठेवली तर चालेल का?

(एक वाचक, रेडिंग)

उत्तर : तुम्हाला वाटतंय अगेव्ह थंडीने गेला, मला वाटतं तो पाण्याने गेला. म्हणजे थंडी होतीच, पण एकटी थंडी त्याने बहुतेक सोसली असती. असं बघा, घायपात मूळचं मेक्सिकोचं. तिथल्या पठारावर पाऊस उन्हाळ्यात पडतो आणि हिवाळा कोरडा ठणठणीत, थोडक्यात तुमच्या जतसारखंच, म्हणून तर ते आपल्याकडे बांधावर आणि रेल्वेलाइनच्या कडेला कुणी न बघता वाढलं. इंग्लंडात नेमकं उलटं. लंडनचा वर्षाचा पाऊस साधारण ६०० मिलिमीटर, पुण्यापेक्षा कमीच, पण आपला चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो आणि तिकडचा बारा महिने झिरपत बसतो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी झाड झोपलेलं असताना मुळाशी गारढोण चिखल. त्यात तुम्ही फ्लीस गुंडाळलंत. दोन रात्री कडाक्याची थंडी असेल तर फ्लीस ठीक, पण महिनाभर ओलं फ्लीस अंगावर म्हणजे झाडाला भिजलेली चादर पांघरल्यासारखं. मी ब्रिस्टलला राहत होते तेव्हा हाच उद्योग दोन वर्षं केलाय, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नका.

कुंडीच्या लेबलवर तिकडे एच ३, एच ४ असं लिहिलेलं असतं, ती आरएचएसची, म्हणजे तिकडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीची, झाड किती थंडी सोसतं ते सांगणारी पट्टी. एच ३ म्हणजे उणे ५ अंश सेल्सिअसपर्यंत, एच ४ म्हणजे उणे १० पर्यंत. पण तुमच्या चिकण मातीत एच ४ वालं झाडसुद्धा एच ३ सारखं वागतं हे लेबलवर नसतं.

आता निवड. अगेव्हसारखी दिसणारी पण जास्त सोशिक अशी तीन-चार झाडं आहेत आणि खरं सांगायचं तर माझं सगळ्यात लाडकं आहे एरिंजियम अगेव्हिफोलियम. अर्जेंटिनाचं, दिसायला हुबेहूब छोटा अगेव्ह, आणि गंमत म्हणजे ते गाजर-कोथिंबिरीच्या कुळातलं! ओलावा त्यातल्या त्यात बरा सहन करतं. पण पानांच्या कडेला करवतीसारखे दात असतात, म्हणजे सासूबाईंच्या परीक्षेत नापास. फॅसिक्युलारिया चिलीचं, अननसाचा भाऊबंद, फुलायच्या वेळी मधली पानं लालभडक होतात आणि मधोमध निळी फुलं. चिलीत त्याच्या भागात हिवाळ्यातच पाऊस पडतो म्हणून इंग्लंडचा हिवाळा त्याला फार परका वाटत नाही. पण तेही काटेरी. युक्काच्या बऱ्याच जातींचं टोक सुईसारखं असतं, आणि ते नेमकं चार वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर येतं, तेव्हा तो विषयच नको.

म्हणून तुमच्यासाठी बेस्कॉर्नेरिया युकॉइडिस. नाव उच्चारायला अवघड, झाड सोपं. हेही मेक्सिकोचं, अगेव्हच्याच कुळातलं, करडी-हिरवी तलवारीसारखी हात-दीड हात लांब पानं, पण मऊ, टोकाला काटा नाही. चांगलं रुळलं की काही वर्षांनी उन्हाळ्याच्या तोंडाला माणसाच्या उंचीचा पोवळ्याच्या रंगाचा दांडा निघतो, थोडा वाकलेला, त्याला गुलाबी पाती आणि हिरवट घंटांसारखी लोंबणारी फुलं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं कुणीतरी प्लास्टिकचं आणून खोचलंय. फुलून गेलेला गड्डा मरतो, पण बाजूला पिल्लं आलेली असतात, केळीसारखंच, त्यामुळे तो मोठा वाळला म्हणून घाबरून मेसेज करू नका. जागा मात्र सव्वा-दीड मीटरची मोकळी सोडा.

एक अडचण सांगते, हे फार थंडीचं झाड नाही. उणे ५ ते ७ पर्यंत ठीक, तेही मुळं कोरडी असतील तर. म्हणून लावायचं कसं ते जास्त महत्त्वाचं. चिकण मातीत खड्डा खणून त्यात खडी भरायची चूक करू नका, सगळे तेच करतात, आणि मग तो खड्डा आजूबाजूचं पाणी ओढून घेणारं डबकं होतो. खाली खणायचं नाही, वर चढवायचं. दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला लागून फूटभर उंचवटा करा, निम्मी माती निम्मी बारीक खडी. भिंतीच्या बुडाशी पाऊस थोडा कमी लागतो आणि दिवसाची ऊब रात्री परत मिळते. झाड जरासं तिरकं लावा म्हणजे मधल्या कोंबात पाणी साठणार नाही, आणि गळ्याभोवती माती नको, नुसती खडी. लावायचं मे-जूनमध्येच, सप्टेंबरात सेल लागतो म्हणून आणलंत तर मुळं धरायच्या आत हिवाळा येईल. पहिल्या उन्हाळ्यात पाणी नीट घाला. नोव्हेंबर ते मार्च वर एक पारदर्शक पत्रा तिरका टेकवा, बाजू उघड्या. दिसतं भयंकर, पण हवा खेळते आणि पाऊस अडतो.

कोरफड : नाही. पहिल्याच पाळ्याला, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीला, जेली होईल. जून ते सप्टेंबर बाहेर, बाकी खिडकीत, हिवाळ्यात पाणी महिन्यातून एकदा पुरे. बाहेर कोरफडीच्या जातीचंच काही हवं असेल तर दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केपमधली अलोइअँपेलोस स्ट्रायाट्युला बघा, जुन्या लेबलवर अलो स्ट्रायाट्युला लिहिलेलं असतं. पिवळी-केशरी फुलं येतात, कडक थंडीत वरचं जळलं तरी बुडातून फुटते. तोंडाला लावायला मात्र घरातलीच वापरा.

प्रश्न : एडिंबरामध्ये फ्लॅटच्या बाल्कनीत ते काळ्या, जाड पानांचं इओनियम बाहेर ठेवता येईल का? कॉर्नवॉलला सगळीकडे दिसलं.

उत्तर : उन्हाळ्यात ठेवा, पाळा पडायच्या आत घरात घ्या. कॉर्नवॉलच्या टोकापलीकडच्या सिली बेटांवरच्या ट्रेस्को अ‍ॅबी गार्डनसारख्या उबदार जागीसुद्धा जानेवारी १९८७ च्या बर्फाने निम्मी-शिम्मी नाही, बहुतेक बागच झोपवली होती, मग एडिंबराचं काय घेऊन बसलात. बाहेरच ठेवायचं असेल तर सेम्परविवम, जाड पानांची फुलासारखी गुच्छ रचना असलेलं बुटकं झाड. युरोपच्या डोंगरातलं, बर्फ अंगावर घेऊन बसतं. युरोपातला सम्राट शार्लमेन याच्या काळात, म्हणजे साधारण इ.स. ८०० च्या सुमाराला, माळ्याने ते घराच्या छपरावर लावावं असा लेखी हुकूम होता, वीज पडत नाही अशी समजूत. तुमच्या बाल्कनीत छप्पर नाही पण उथळ कुंडी चालेल, तळाला भोक हवं, आणि खालची बशी आजच काढून टाका.