वाचकांचे प्रश्न : म्हातारपणाला झेपेल असं गाव

प्रश्न : आमच्या गावात ज्येष्ठांसाठी विरंगुळा केंद्राची खोली बांधायचं चाललंय. आधी खोलीच बांधावी की दुसरं काही?
– ग्रामपंचायत सदस्य, जि. यवतमाळ

उत्तर : खोली थोडी थांबू द्या. ज्या आजीला स्वतःच्या ओट्यावरून तिथपर्यंत जाता येत नाही, तिला त्या खोलीचा काय उपयोग? एका सकाळी सत्तरी ओलांडलेल्या चार-पाच जणांसोबत, त्यांच्याच चालीनं, घरापासून रेशन दुकान, आरोग्य उपकेंद्र, देऊळ आणि एसटीच्या थांब्यापर्यंत चाला. ते कुठे दम घेतात, कुठे भिंतीला हात लावतात, नाली ओलांडताना कुठे दुसऱ्याचा खांदा धरतात, ते वहीत टिपा. कामांची यादी त्यातूनच निघेल.

दम घेतला तिथे बाक हवा. बैठक जमिनीपासून 18 इंच, पाठीला टेका आणि दोन्ही बाजूंना हात. गुडघे धरलेल्या माणसाला उठताना दोन्ही तळव्यांनी रेटा द्यावा लागतो, म्हणून हात नसलेल्या बाकावर तो बसायलाच घाबरतो. सगळ्यात जास्त चूक होते ती जागेची. उघड्यावरचा सिमेंटचा बाक विदर्भाच्या उन्हाळ्यात असा तापतो की दिवस मावळल्यावरही धग सोडत राहतो. बाक कडुनिंबाखाली बसवा. झाड नसेल तर आत्ता लावा आणि ते वाढेपर्यंत वर छप्पर टाका.

नालीवरची फरशी रस्त्याच्या पातळीत, न डगडगणारी, किमान 3 फूट रुंद असावी. उपकेंद्राचा उतार टेप लावून मोजा. 1 फूट चढाला 12 फूट लांबी लागते, म्हणजे जोतं दीड फुटाचं असेल तर उतार 18 फुटांचा. जागा वाचवायला तो पाच-सहा फुटांत उरकतात. मग चाकाची खुर्ची चढवायला दोघं लागतात आणि उतरताना ती हातून सुटते. मिस्त्रीला वरून घोटाई करू देऊ नका, सिमेंट ओलं असतानाच खराट्यानं आडव्या रेघा ओढून घ्या. कठड्याला मुठीत मावेल असा गोल पाईप, 32 ते 36 इंच उंचीवर.

ठरावात ‘ज्येष्ठांसाठी सोयी’ असं मोघम लिहिलं की त्या नावाखाली काहीही बसवता येतं. ‘रेशन दुकानाजवळ हातांचा 1 बाक, उपकेंद्राला 18 फुटी उतार’ असं ग्रामसभेत लिहून घ्या, ग्रामपंचायत विकास आराखड्यात घाला आणि वित्त आयोगाच्या अबंधित, म्हणजे ठरावीक कामालाच बांधून न दिलेल्या, निधीतून मागा.

प्रश्न : पक्षाघातानं सासरे दोन वर्षांपासून खाटेवर आहेत. निंदण-वेचणीला मला वावरात जावंच लागतं. बचत गटातल्या बाया मदतीला तयार आहेत, पण पाळ्या कशा लावाव्यात?
– एक सून, जि. वर्धा

उत्तर : ताई, हे एकटीनं ओढायचं काम नाहीच, तुम्ही मदत घेताय ते योग्यच आहे. चौघी असतील तर प्रत्येकीनं आठवड्यातून एक-दोन वेळा अर्धा दिवस बसावं. तास गटाच्या वहीत लिहा आणि मजुरीनं किंवा त्यांच्या वावरात काम करून फेडा. हिशेब नसला की महिन्याभरात कुरबुर सुरू होते. अंग धुणं, कपडे बदलणं मात्र सकाळ-संध्याकाळ घरातल्या पुरुषानं करावं. परक्या बाईकडून ते करून घेणं सासऱ्यांना जड जातं आणि मग ते लघवी लागली तरी सांगत नाहीत.

खाटेच्या उशाशी भिंतीवर कागद लावा. त्यावर औषधाच्या वेळा, कूस बदलल्याची वेळ, आशा ताईंचा नंबर आणि 108. नवी बाई पहिल्या दोन पाळ्या तुमच्या सोबतच बसू द्या.

कूस दर 2 तासांनी बदलायची. ओढून नाही, दोघींनी चादरीसकट उचलून. ओढलं की कातडी घासून सोलते. माकडहाड, खुबे, टाचा रोज पाहा. सावळ्या अंगावर लाली चटकन दिसत नाही, तो भाग काळपट, गरम किंवा टणक लागतो. तिथे चोळू नका, त्या कुशीवर निजवू नका आणि दोन दिवसांत उतरलं नाही किंवा कातडी फुटली तर लगेच दाखवा. पुष्कळ घरांत कमरेखाली कापडाची चुंबळ ठेवतात. तिची कड भोवतालचं रक्त अडवते आणि जखम वाढते, म्हणून ती काढून टाका.

पाणी आडवं असताना कधीच पाजू नका. पक्षाघातात ते श्वासनलिकेत जातं, कधी ठसकाही लागत नाही, आणि छातीत जंतुसंसर्ग होतो. टेकवून नीट बसवा, चमच्यानं थोडं थोडं द्या, जेवणानंतर अर्धा तास बसतंच ठेवा.

प्रश्न : घरी शौचालय आहे, तरी आई बाहेरच जाते. गुडघे वाकत नाहीत.
– वाचक, जि. बुलडाणा

उत्तर : भांड्यावर ठेवायची भोकाची खुर्ची मिळते. घेण्याआधी आतली रुंदी मोजा, गावाकडची बहुतेक शौचालयं अरुंद असतात. उंची 18 इंच, पायांना रबरी टोप्या हव्यातच. धरायचा दांडा 4 इंची भिंतीत नुसत्या स्क्रूनं टिकत नाही. बोल्ट आरपार काढून बाहेरून लोखंडी पट्टीवर नट कसा. दार बाहेर उघडणारं करा. आत उघडणाऱ्या दारामागे माणूस पडला तर त्याच्याच अंगानं दार अडतं.