रुमाल पुरेल का?

प्रश्न : मी वायरमन आहे. परळमधल्या एका जुन्या चाळीत काम चालू आहे. वर सिमेंटचे राखाडी पत्रे आहेत, त्यांना भोकं पाडून पाइप न्यायचाय. तोंडाला रुमाल बांधला तर चालेल ना?
– एक वाचक, लालबाग

उत्तर : नाही दादा, रुमाल चालणार नाही. त्या पत्र्यांत बहुधा अ‍ॅस्बेस्टॉस नावाचं तंतुमय खनिज आहे. त्याचे तंतू इतके बारीक की रुमालातून आरपार जातात, डोळ्यांना दिसतही नाहीत. मी कारखान्यात सुरक्षा अधिकारी होतो. आमचा एक फिटर नोकरीत असताना कधी खोकला नाही. निवृत्तीनंतर मात्र जिना चढताना धापा टाकू लागला. हे तंतू फुफ्फुसात जाऊन होणारा आजार वीस-तीस, कधी चाळीस वर्षांनी वर येतो, म्हणूनच आज काही होत नाही यावर विसंबू नका. विडी-सिगारेट ओढत असाल तर फुफ्फुसाच्या कॅन्सरचा धोका कितीतरी वाढतो.

अखंड पत्रा शांत असतो. ड्रिल किंवा करवत लागली की तंतू उडतात. पाइप दुसऱ्या वाटेने न्या. मालकाला माझं नाव सांगा हवं तर! पत्रा काढावाच लागला, तर जाणकार माणसांकडूनच. पाणी मारून, नटबोल्ट सोडवून, न फोडता उतरवायचा आणि जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळायचा. खाली पडलेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने टिपा. आणि कामाचे कपडे घरी नेऊ नका. असे कपडे धुणाऱ्या बायकाही या धुळीने आजारी पडल्या आहेत.