राजकीय नेत्याच्या पत्नीवर किंवा पतीवर विकिपीडियात वेगळा लेख असावा का?

नुसतं लग्न झालं म्हणून नाही. त्या व्यक्तीबद्दल त्रयस्थ, विश्वासार्ह स्रोतांत सविस्तर लिहिलं गेलंय का, एवढंच बघायचं. प्रमिला दंडवते घ्या. मधू दंडवते रेल्वेमंत्री होते ते असू द्या. प्रमिलाताई आणीबाणीत स्वतः तुरुंगात गेल्या, १९८० मध्ये मुंबईतून लोकसभेवर निवडून आल्या, महिला दक्षता समितीच्या संस्थापकांत होत्या. नवऱ्याचं नाव खोडलं तरी लेख उभा राहतो.

यशवंतराव चव्हाणांच्या पत्नी वेणूताईंचं जरा अवघड आहे. कराडला त्यांच्या नावाचं स्मारक आहे, पण ते यशवंतरावांच्याच पुढाकाराने झालेलं. माझ्या मते यशवंतरावांच्या लेखात एक भरघोस परिच्छेद पुरे. (बेचाळीसच्या चळवळीत वेणूताईंनाही अटक झाली होती, ते मात्र त्यात यायलाच हवं.)