‘सत्याचे वचन नीट सांगणारा’: यातल्या ‘नीट’विषयी

प्रश्न असा आहे: पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात (२:१५) आपल्या मराठी पवित्र शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, ‘सत्याचे वचन नीट सांगणारा’ असे आहे. १६११च्या इंग्रजी भाषांतरात मात्र ‘राइटली डिव्हायडिंग’, म्हणजे ‘नीट विभागणारा’ आहे. मग मराठीत विभागणी गाळली का?

माझ्या मते काहीच गाळलेले नाही. मूळ ग्रीक क्रियापद ‘ऑर्थोटोमेओ’. ‘ऑर्थोस’ म्हणजे सरळ, ‘टोम’ हा अंश कापण्याचा. नव्या करारात हा शब्द एवढ्या एकाच ठिकाणी येतो, म्हणून अर्थासाठी जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतराकडे जावे लागते. तिथे नीतिसूत्रांत (३:६ आणि ११:५) तो दोनदा आला आहे, आणि दोन्हीकडे कर्म ‘वाटा’ आहे: वाट सरळ करणे. आपणही ‘वाट कापली’ म्हणतो, तेव्हा वाटेचे तुकडे झाले असे कोणी समजत नाही. शब्दाचे घटक सुटे करून अर्थ लावला की अशी चूक होते.

ही चूक लहान नाही. अमेरिकन धर्मोपदेशक सी. आय. स्कोफील्ड यांनी १८८८मध्ये याच इंग्रजी शब्दांचे शीर्षक देऊन पुस्तिका काढली आणि शास्त्राची वेगवेगळ्या युगांत वाटणी शिकवली. त्यांच्या मतांची चर्चा स्वतंत्रपणे व्हावी, पण त्या वाटणीला या वचनाचा आधार मिळत नाही. इथे ‘सत्याचे वचन’ एकवचनी आहे, आणि इफिसकरांस पत्रात (१:१३) त्याचा अर्थ सरळच दिला आहे: तारणाची सुवार्ता. वाटणी करायचा ग्रंथ तो नव्हे. शिवाय दोनच वचनांनंतर हुमनाय आणि फिलेत येतात. पुनरुत्थान होऊन गेले, असे ते शिकवत होते. त्यांच्यासाठी पौल जे क्रियापद वापरतो त्याचा अर्थ ‘नेम चुकणे’. एकीकडे सरळ जाणारा, दुसरीकडे भरकटलेले. विभागणीचा तिथे विषयच नाही.

सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्विन याने या शब्दात मुलांना भाकरी तोडून देणारा बाप पाहिला. चित्र मला फार आवडते, पण नीतिसूत्रांतला वापर मला अधिक भरवशाचा वाटतो.

आता मराठी ‘नीट’ पाहा. ‘इथून नीट जा’ म्हणजे सरळ जा, वळू नका. ‘योग्य रीतीने’ हा अर्थ त्याला जोडूनच येतो. ग्रीक ‘ऑर्थोस’मध्ये जे दोन्ही आहे ते आपल्या एका साध्या शब्दात उतरले आहे, आणि ज्याने तो निवडला त्याचे मला मनापासून कौतुक वाटते.

माझी तक्रार ‘सांगणारा’बद्दल आहे. याच वचनात त्याला ‘कामकरी’ म्हटले आहे, आणि कामकऱ्याचे काम हाताचे असते. जुन्या लॅटिन भाषांतरात ‘हाताळणारा’ या अर्थाचा शब्द आहे. मी ‘सत्याचे वचन नीट हाताळणारा’ असे म्हणेन.