स्प्रिंगा बदलल्या, पण गाडी हवी तिथे बसेना

या वेळची निवडक पत्रे जुन्या गाडीला उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा बसवल्यानंतरच्या अडचणींची आहेत.

प्रश्न : माझी गाडी 25 वर्षांची आहे. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर एकत्र असलेला उभा खांब), मागे कॉइल स्प्रिंग. चारही बाजूंना 30 मिमी उंची कमी करणाऱ्या स्प्रिंगा घातल्या आणि त्याच वेळी पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीशी जोडणारा खालचा दांडा) बुशही, म्हणजे सांध्यातले रबरही, बदलले. मागची बाजू ठीक बसली, पुढची जेमतेम 8 मिमी उतरली. चुकीच्या स्प्रिंगा आल्या का? अर्धा वेढा कापला तर चालेल?

उत्तर : अजून काही कापू नका. स्प्रिंग चुकीची असू शकते, पण नवे बुश घातल्याचे तुम्ही लिहिता, त्यामुळे पहिला संशय तिथेच.

रबरी बुशच्या मधोमध लोखंडी नळी असते आणि रबर तिला घट्ट चिकटलेले असते. बोल्ट आवळला की नळी ब्रॅकेटमध्ये जखडते. मग आर्म वर-खाली होतो तो रबराला पीळ देऊनच. गाडी स्टँडवर आणि चाके लोंबकळत असताना बोल्ट आवळला, तर रबर त्या लोंबकळत्या स्थितीला सैल राहते. गाडी जमिनीवर आली की त्याला पीळ बसतो, ते आर्मला खाली रेटत राहते आणि गाडी वर धरून ठेवते. उंची जुळत नाही ती नाहीच, शिवाय सतत पिळलेले रबर लवकर फाटते.

दुरुस्ती अशी करा. सपाट जागी, टायरमध्ये ठरलेली हवा भरून, चाकाच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर चारही ठिकाणी मोजून लिहून ठेवा. जमिनीपासून मोजू नका. टायरची झीज आणि हवा त्या मापात मिसळते. मग पुढची दोन्ही चाके मजबूत रॅम्पवर चढवा, मागच्या चाकांना अडण्या लावा आणि आर्मच्या बुशचे सगळे बोल्ट सैल करा, काढू नका. बॉनेटवर जोर देऊन गाडी चार-पाच वेळा दाबून सोडा. जॅकवरून उतरवलेली चाके आत ओढलेल्या स्थितीत अडकून बसतात, ती अशी मोकळी होतात. आता त्याच स्थितीत, गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या टॉर्कने (आवळण्याच्या ठरलेल्या जोराने) बोल्ट आवळा. अँटी-रोल बारच्या (वळणावर गाडीचा कल रोखणारी दांडी) लिंका आणि बुशसुद्धा याच वेळी. मागे रबरी बुश असतील तर तिथेही हेच करायचे.

आता दुसरी शक्यता. '30 मिमी' हा आकडा कारखान्यातून निघालेल्या नव्या गाडीच्या उंचीपासून मोजलेला असतो. तुमच्या जुन्या स्प्रिंगा इतक्या वर्षांत खचलेल्याच असणार. त्या 15 मिमी खचल्या असतील, तर नव्या अगदी बरोबर असूनही फरक 15 मिमीच दिसेल. म्हणून तुलना कालच्या उंचीशी करू नका, मॅन्युअलमधल्या मूळ मापाशी करा. सोबत गॅसच्या दाबाचे नवे शॉकॲब्सॉर्बर घातले असतील तर तो दाबही गाडी काही मिलिमीटर वर उचलतो. नव्या स्प्रिंगा पहिल्या काही शे किलोमीटरांत थोड्या बसतात. तितके धावल्यावर पुन्हा मोजा.

वेढा कापण्याबद्दल. स्प्रिंगेचा ताठपणा काम करणाऱ्या वेढ्यांच्या संख्येच्या उलट चालतो. सहा वेढ्यांतला एक काढला की ती 20 टक्के ताठ होते, म्हणजे शॉकॲब्सॉर्बरशी तिचा मेळ बिघडतो. त्याहून धोक्याची बाब मोकळ्या लांबीची आहे. चाक पूर्ण लोंबकळले तरी स्प्रिंग दोन्ही बैठकांत थोडी दाबलेली राहिली पाहिजे. आखूड स्प्रिंग सैल पडली तर खड्ड्यानंतर ती बैठकीत वाकडी बसते, नाहीतर सरळ बाहेर पडते. टोक निमुळते वळवलेले असेल तर ते कापल्यावर बैठकीत बसतच नाही. आणि गॅसने तापवून स्प्रिंग खचवणे हा उपाय नव्हे: पोलादाचे पाणी उतरते, स्प्रिंग खचत राहते आणि मोडते. उंची अजून कमी हवी असेल तर तेवढ्या उंचीची स्प्रिंग आणि तिला साजेसा आखूड शॉकॲब्सॉर्बर घ्या.

प्रश्न : डावी पुढची बाजू उजवीपेक्षा 14 मिमी खाली आहे. डावीकडे स्प्रिंगेखाली वॉशर घालू का?

उत्तर : गाडी एका कोपऱ्यात खाली दिसते म्हणजे दोष त्याच कोपऱ्यात असतो असे नाही. बॉडी ताठ असल्याने मागच्या उजव्या कोपऱ्यातली उंच स्प्रिंगही पुढची डावी बाजू दाबते. ओळखायची युक्ती सोपी आहे. मागच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालचा आडवा मजबूत भाग) बरोबर मध्यावर एकच जॅक लावून मागची बाजू उचला. पुढचा कल नाहीसा झाला तर दोष मागच्या स्प्रिंगांत. कल तसाच राहिला तर पुढच्यांत. जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका.

दोष पुढेच निघाला तर स्प्रिंगेचे टोक बैठकीच्या पायरीला टेकले आहे का पाहा. ते पायरीवर चढून बसले की ती बाजू वर राहते. वरखालची रबरी पॅडे दोन्हीकडे सारखी आहेत का, तेही बघा. काही गाड्यांना डाव्या-उजव्या स्प्रिंगा वेगळ्या असतात, त्यामुळे स्प्रिंगेवरची खूण वाचा. शंका राहिली तर दोन्ही पुढच्या स्प्रिंगा अदलाबदल करा: कल बाजू बदलून गेला तर स्प्रिंग दोषी. स्ट्रट उघडताना वरचा मधला नट सोडण्याआधी स्प्रिंग कंप्रेसरने इतकी दाबलेली हवी की ती बैठकांवर सैल होईल. यात घाई करून माणसे जायबंदी होतात. 5 मिमीपर्यंतचा फरक खुशाल सोडून द्या.

पॅड घालायचेच असेल तर हिशेब करून घाला. मॅकफर्सन स्ट्रटमध्ये 5 मिमी पॅड म्हणजे चाकापाशी जवळपास 5 मिमी. स्प्रिंग लोअर आर्मवर उभी असेल तर तसे नाही. आर्म आतल्या बोल्टपासून चाकाकडच्या बॉल जॉइंटपर्यंत 360 मिमी लांब आणि स्प्रिंग त्याच बोल्टपासून 200 मिमीवर असेल, तर 5 मिमीचे पॅड चाकापाशी 9 मिमी उंची देते. पॅड बैठकीच्या आकाराचे, पूर्ण गोल हवे. सुटे वॉशर रचलेत तर ते सरकतात.

प्रश्न : गाडी खाली केल्यापासून ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक लावला की मागची चाके आधी अडकतात. संबंध असेल का?

उत्तर : आहे, आणि हे दुरुस्त होईपर्यंत गाडी चालवू नका. बऱ्याच जुन्या गाड्यांत मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला ब्रेकचा व्हॉल्व्ह असतो. मागची बाजू खाली बसली की गाडीत ओझे भरले आहे असे तो समजतो आणि मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. आखूड स्प्रिंगांनी तुम्ही त्याला कायमचे ओझे दाखवून ठेवले आहे. मागची चाके आधी अडकली की गाडी मागून घसरून गरकन फिरते.

व्हॉल्व्हच्या दांडीची किंवा तिच्या स्प्रिंगेची लांबी अशी बदलावी लागते, की नव्या उंचीवर दांडी व्हॉल्व्हपाशी मूळ जागीच राहील. किती उंचीला किती अंतर, ते मॅन्युअलमध्ये असते. बसवल्यावर पुढच्या-मागच्या ब्रेकचा दाब गेजने तपासून घ्या. व्हॉल्व्ह काढून टाकणे हा उपाय नाही.

प्रश्न : व्हील अलाइनमेंट कधी करायचे?

उत्तर : लगेच एकदा ढोबळ, आणि स्प्रिंगा बसून उंची पक्की झाल्यावर एकदा नेमके. उंची बदलली की टाय रॉडचा (स्टीअरिंगला चाकाशी जोडणारी दांडी) कोन बदलतो आणि त्याबरोबर टो, म्हणजे वरून पाहता चाके आत किंवा बाहेर वळलेली असणे. हाच टायर आतल्या कडेने खातो, कॅम्बरला (समोरून पाहता चाकाचा कल) दोष नंतर द्या. अलाइनमेंटला जाताना टाकी अर्धी भरलेली असू द्या, चालकाच्या जागी तुमच्या वजनाइतके ओझे ठेवा. हेडलाइटचा झोत त्यानंतर जुळवा.